कायक हिरावले जाते तेव्हा



कायक आणि दासोह हे दोन शब्द या पानांवर इतक्या वेळा येतात की, त्यांचा अर्थ आपल्याला पुरता कळला आहे असे वाटू लागते. मग एखाद्या दिवशी एखादा साधा माणूस साधा प्रश्न विचारतो आणि आपले कळणे किती उथळ होते ते ध्यानात येते.

शिवानुभव गोष्ठीत एकदा असेच झाले. विषय कायकाचा होता. प्रवचन संपल्यावर मागच्या रांगेतले एक अप्पा उठले. आयुष्याची तीस वर्षे त्यांनी गिरणीत मागावर काढली होती. हात जोडून ते म्हणाले, "कायक सोडू नये म्हणता, ते पटतं. पण गिरणीच बंद झाली. मग आम्ही कायक सोडलं, की कायकानं आम्हाला सोडलं? पुढं सरकारची मदत आली, ती घेतली. घेताना मान खाली गेली. काम न करता घेतलेला पैसा तो. त्यानं आमचं कायक बाटलं का?"

सभेत कोणीच लगेच बोलले नाही. त्या अप्पांना त्या दिवशी जे उत्तर दिले गेले ते पुरेसे नव्हते. म्हणून आज या प्रश्नाचा सविस्तर विचार करू. त्यासाठी आपल्या गावापासून फार दूरचे एक उदाहरण घेणार आहे. दूरच्या उदाहरणात आपला राग-लोभ मध्ये येत नाही, आणि प्रश्नाचा आकार स्वच्छ दिसतो.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅनापोलिस नावाचे गाव आहे. जेम्स कॅनन या गिरणीमालकाने विसाव्या शतकाच्या आरंभी ते टॉवेलच्या गिरणीभोवती वसवले. रस्ते गिरणीचे, घरे गिरणीची, दुकानेही बहुतेक गिरणीच्याच जागेत. १९८४ पर्यंत गावाला स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती. आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच भोंग्यावर कामाला जात. पुढे गिरणीची मालकी बदलत गेली आणि १९९७ मध्ये ती पिलोटेक्स या कंपनीकडे आली. स्वस्त परदेशी मालाचा रेटा वाढत होता, खरेदीव्यवहारांतून डोक्यावर आलेले कर्जही मोठे होते. ३० जुलै २००३ रोजी कंपनीने दारे बंद केली. देशभरातल्या सुमारे ७,६५० जणांचे काम एकाच वेळी गेले. त्यांपैकी सुमारे ४,८०० एकट्या नॉर्थ कॅरोलिनातले होते. त्या राज्याने एका दिवसात इतकी मोठी कामगारकपात तोवर पाहिली नव्हती.

या माणसांचा अपराध काय होता? ते आळशी नव्हते. त्यांचा टॉवेल वाईट नव्हता. त्यांनी सत्यशुद्ध कायक केले होते, तरी ते हिरावले गेले.

अशा माणसांसाठी त्या देशात एक कायदा होता. त्याची कल्पना १९५४ मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनल्ड यांनी मांडली. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत व्यापारविस्ताराचा कायदा झाला, तेव्हा ती त्यात आली. तिचे सूत्र असे : आयातकर कमी करून परदेशी मालाला वाट देण्याचा निर्णय सगळ्या राष्ट्राचा, त्याचा लाभ सगळ्या राष्ट्राला, मग त्याचा घाव मूठभर कामगारांनीच का सोसावा? म्हणून आयातीमुळे ज्यांचे काम गेले त्यांना सरकारने निर्वाहभत्ता द्यावा, नवे काम शिकवावे, काम शोधायला आणि गाव बदलायला खर्च द्यावा.

सूत्र सुंदर होते. व्यवहार मात्र तसा झाला नाही. १९६२ च्या कायद्यात पुराव्याची अट इतकी कडक होती की, १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. सात वर्षे दासोहाची पंगत मांडलेली, पण पानावर वाढले कोणालाच नाही! १९७४ च्या कायद्याने अट सैल केली. आयात हे नुकसानीचे सर्वांत मोठे कारण नसले तरी महत्त्वाचे कारण असले म्हणजे पुरे, असे ठरले. तीन कामगारांनी मिळून किंवा त्यांच्या संघटनेने अर्ज करावा, श्रम खात्याने चौकशी करावी, गिरणीच्या गिऱ्हाइकांनाही विचारावे की तुम्ही माल परदेशातून घेऊ लागलात काय, आणि मग निर्णय द्यावा, अशी रीत पडली.

२००२ च्या सुधारणेनंतर, म्हणजे कॅनापोलिसची गिरणी बंद झाली त्या वेळी, बेकारीविम्याचा काळ धरून साधारण दोन वर्षे भत्ता मिळे. शालेय शिक्षण अपुरे असेल तर आणखी २६ आठवडे मिळत. पण ठरावीक आठवड्यांच्या आत शिक्षणक्रमाला नाव घालावे लागे, मुदत चुकली की भत्त्यावर पाणी सोडावे लागे. आरोग्यविम्याच्या हप्त्यातले ६५ टक्के सरकार भरी, उरलेले ३५ टक्के त्या बेकार माणसाने भरायचे. पन्नाशी उलटलेल्याने कमी पगाराचे दुसरे काम पत्करले, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग दोन वर्षांत मिळून १० हजार डॉलरपर्यंत सरकार देई. कॅनापोलिसमधल्या पुष्कळांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. पन्नाशीची माणसे पुन्हा बाकावर बसली आणि गणित, वाचन यांपासून आरंभ करून नवे काम शिकू लागली.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. ही मदत म्हणजे भीक, दान, की देणे?

धरणाचा दाखला आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. धरण झाले की खालच्या शंभर गावांना पाणी मिळते, ऊस उभा राहतो, दिवे लागतात. पण वरची दहा गावे बुडतात. बुडालेल्या गावच्या शेतकऱ्याला जी पर्यायी जमीन मिळते, तिला आपण भीक म्हणतो काय? महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. ज्याच्या शेताला धरणाचे पाणी मिळते, त्याच्या ठरावीक मर्यादेपलीकडच्या जमिनीतून विस्थापिताला जमीन द्यावी, हे तत्त्व त्यात होते. त्या कायद्याची अंमलबजावणी कशी झाली ते धरणग्रस्तांना विचारा, पण तत्त्व खोटे नव्हते. ज्याच्या शेतात पाणी आले, त्याने ज्याचे शेत पाण्यात गेले त्याचे देणे लागते.

परदेशी व्यापाराचे तसेच आहे. स्वस्त टॉवेल आला की देशातल्या प्रत्येक घराचे चार पैसे वाचतात. व्यापाऱ्याला नफा होतो, आपला माल बाहेर विकणाऱ्या कारखान्याला बाजार मिळतो. हे सगळे लाभक्षेत्र. कॅनापोलिस हे बुडीतक्षेत्र. तिथल्या माणसाला व्यापारग्रस्त म्हणावे आणि त्याला दिलेल्या मदतीला पुनर्वसन म्हणावे. धर्मादाय हा शब्द तिथे लागू पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, धंदा म्हटला की जोखीम आलीच, कामगाराने ती पत्करली होती. पण जोखीम पत्करणाऱ्याला चांगल्या दिवसांत नफ्याचा वाटा मिळतो. कामगाराला मजुरी मिळते. शिवाय भांडवल एका गावातून काढून दुसऱ्या गावी लावता येते, माणूस तसा उपटून लावता येत नाही. त्याचे घर, म्हातारी आई, मुलांची शाळा, सारे त्या मातीत असते. गावची गिरणी बंद झाली की घर विकायला काढले तरी गिऱ्हाईक मिळत नाही.

याहून कठीण आक्षेप दुसरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. समजा, एका गावची गिरणी परदेशी मालामुळे बंद पडली, आणि शेजारच्या गावच्या गिरणीत नवी यंत्रे आल्यामुळे निम्मे हात कमी झाले. अमेरिकेच्या कापडधंद्यात दोन्ही गोष्टी घडल्या. पहिल्या गावच्या कामगाराला दोन वर्षे भत्ता आणि शिक्षण, दुसऱ्या गावच्या कामगाराला काही महिन्यांचा बेकारीविमा, हा कुठला न्याय? दोघांच्या चुली सारख्याच विझल्या. आणि गिरणीच्या दारात चहा विकणारा, गिरणीकामगारांचे केस कापणारा, त्यांचेही पोट त्याच भोंग्यावर होते. त्यांना कायदा विचारीत नव्हता.

या आक्षेपात सत्य आहे. पण त्यातून काढायचा निष्कर्ष नीट पाहून काढला पाहिजे. काही जण म्हणतात, दुसऱ्याला मिळत नाही म्हणून पहिल्याचेही बंद करा. हे म्हणजे पंगतीत एकाला तूप पोचले नाही म्हणून दुसऱ्याच्या पानातले पुसून घेण्यासारखे झाले. इथे दोन वेगळी कर्तव्ये आहेत. एक ऋणाचे, दुसरे भुकेचे. ऋण कोणावर आहे हे कारणावरून ठरते, भूक कोणाला आहे हे पोटावरून ठरते. भुकेचे कर्तव्य सर्वांप्रती सारखे असते, तिथे कारण विचारणे हाच अपराध. ऋणाचे कर्तव्य त्याच्यावर आणखी असते. आणि नीट पाहिले तर यंत्राच्या बाबतीतही ऋण आहेच. यंत्राचा लाभ मालकाला आणि गिऱ्हाइकाला झाला, तोटा एका कामगाराला झाला. लाभ अनेकांचा आणि तोटा एकाचा असे जिथे जिथे घडते, तिथे तिथे देणे उभे राहते. म्हणून त्या कायद्याचे तत्त्व चूक नव्हते. ते अर्ध्या वाटेवर थांबले, हा त्याचा दोष.

आता दुसरा प्रश्न. देणे आहे हे मान्य केले, पण द्यायचे काय?

केवळ पैसा दिला तर पोट भरते, पण कायकाची जागा रिकामी राहते. आपले शरण कामाकडे पोटाचे साधन म्हणून पाहत नव्हते. जेडर दासिमय्या मागावर बसले ते केवळ लुगडे विणण्यासाठी नव्हे, माग हेच त्यांचे पूजास्थान होते. ज्याची पूजेची जागाच गेली त्याला पैसे देऊन तुझे नुकसान भरून निघाले असे म्हणता येत नाही. त्या दृष्टीने नवे काम शिकवण्याची कल्पना निव्वळ भत्त्यापेक्षा थोर आहे. ती माणसाला सांगते की तू संपलेला नाहीस.

पण शिकवले म्हणजे काम मिळालेच असे नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याने करवून घेतलेले एक मूल्यमापन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काम गेल्यानंतर चौथ्या वर्षीही या योजनेतल्या माणसांची कमाई तशाच इतर बेकारांपेक्षा कमी होती, असे त्यात आढळले. शिक्षणात गेलेला काळ कमाईतून वजा झाला होता. पुढे २०१८ मध्ये बेंजामिन हायमन या अर्थशास्त्रज्ञाने अधिक लांबच्या काळाचा हिशेब मांडला. त्यात दहा वर्षांत एकूण सुमारे ५० हजार डॉलर अधिक कमाई दिसली, पण तो लाभही वर्षांगणिक ओसरत जाणारा होता. दोन्ही हिशेबांवरून एवढे कळते की, शिक्षणाने काहींचे दिवस पालटतात, सर्वांचे नाही. पंचावन्न वर्षांच्या विणकराला संगणक शिकवून, नोकरी मात्र चाळीस मैलांवरच्या शहरातल्या तरुणाला मिळणार असेल, तर ते शिक्षण त्याच्या हातात दिलेला कोरा कागद ठरते. म्हणून शिकू शकणाऱ्याला शिक्षण, आणि वय झालेल्याला सन्मानाने हलके काम व वरचा फरक, असा विवेक हवा. पगारातला निम्मा फरक भरून देणारी तरतूद मला या कारणाने शहाणपणाची वाटते. ती माणसाला कामावरून उठवत नाही, कामावर बसवते.

देण्याची रीत हीसुद्धा देण्याइतकीच महत्त्वाची. दानात देणारा उंच उभा असतो आणि घेणाऱ्याचा हात खाली असतो. दासोहात देणारा स्वतःला दास समजतो, जे देतो ते आपले नव्हेच असे मानतो. शासनाची मदत दान होते की दासोह, हे खिडकीपाशी ठरते. तीनतीन वेळा कागद मागणारा, "फुकट मिळतंय तरी तक्रार करता" म्हणणारा कारकून ऋणाचे दान करून टाकतो. १९६२ ते १९६९ या सात वर्षांत अमेरिकेतल्या कामगारांनी जे अनुभवले ते हेच. कायद्यात हक्क होता, दारात संशय उभा होता.

आपल्याकडेही हा अनुभव नवा नाही. १९८६ मध्ये केंद्र सरकारने बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधीची योजना आणली. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के, अशी ती उतरती मदत होती. उतरत्या मदतीमागचा हेतू चांगला होता, माणसाने तेवढ्यात दुसरे काम पाहावे. पण गिरणी कायद्याने कायमची बंद झाली आहे हे आधी ठरावे लागे, आणि पुष्कळ गिरण्या धड चालू नव्हत्या, धड बंद नव्हत्या. इंदूरच्या वाचकांना हुकुमचंद मिलची आठवण असेल. ती १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. परदेशी व्यापाराशी तिचा संबंध नव्हता, आणि तिथे प्रश्न मदतीचा नव्हता, कामगारांच्या स्वतःच्या थकलेल्या पैशांचा होता. ते सुमारे २२४ कोटी रुपये वाटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे! तोवर कितीतरी घरांत पैसे घ्यायला कामगार उरला नव्हता, त्याची विधवा किंवा मुले आली. उशिरा दिलेले देणे पुरते देणे राहत नाही.

आता त्या अप्पांचा मूळ प्रश्न. घेणाऱ्याचे कायक बाटते का?

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपण सर्व जाणतो. मारय्यांनी एके दिवशी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले आणि लक्कम्मांनी ते परत ठेवून यायला सांगितले. ही कथा आपण बहुधा लोभाविरुद्ध सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिचा दुसरा अर्धा भाग विसरतो. लक्कम्मांनी अधिकचे परत पाठवले, गरजेपुरते नव्हे. गरजेपुरते घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कथेचा निकष एवढाच की, घेतलेले गरजेचे आहे काय आणि हात कामाला तयार आहेत काय. ज्या माणसाने तीस वर्षे माग चालवला, जो आजही काम मिळाले तर उद्या पहाटे निघेल, त्याने दोन पावसाळे निभवायला आपले देणे घेतले, तर कायक बाटत नाही. पन्नाशीत पुन्हा पाटी घेऊन बसणे हेही कायकच आहे, आणि ते मागापेक्षा सोपे नाही. बाटते ते त्याचे, जो काम असून टाळतो. आणि त्याहून अधिक त्याचे, जो लाभक्षेत्रात बसून बुडीतक्षेत्राकडे पाठ फिरवतो. लक्कम्मांचा प्रश्न आधी त्याला विचारला पाहिजे : आज घरी आणलेले तांदूळ नेहमीपेक्षा जास्त कसे?

इथे ही गोष्ट आपल्या दाराशी येते. सिद्धरामांच्या सोलापुरात चादरी आणि टॉवेल विणले जातात. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेलुगू, कानडी, मराठी बोलणारे हात तिथे मागावर आहेत. १ जानेवारी २००५ पासून कापडाच्या जागतिक व्यापारातले कोटे उठले, आणि अमेरिकेच्या घरांत भारत, चीन, पाकिस्तान यांचे टॉवेल अधिक जाऊ लागले. कॅनापोलिसचा भोंगा थांबला, तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या मागाला काम मिळाले. आपल्या विणकराने कोणाचे काही चोरले नाही, त्याचेही कायक सत्यशुद्ध आहे. तरी त्याच्या आनंदाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी अश्रू होते, एवढे जाणणे हे समतेचे पहिले पाऊल. आणि चाक फिरते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातकर लावला, तेव्हा कापड निर्यात करणाऱ्या आपल्या गावांत ऑर्डरी अडल्याच्या बातम्या आल्या. दूर देशी कोणी कागदावर सही करतो आणि इथला माग थांबतो. कालचे लाभक्षेत्र आज बुडीतक्षेत्र होते. म्हणून ही व्यवस्था दुसऱ्यासाठी करायची नसते, ती स्वतःसाठीही असते.

अमेरिकेतल्या त्या कायद्याची मुदत वाढवली गेली नाही, आणि १ जुलै २०२२ पासून श्रम खात्याचा नवे अर्ज मंजूर करण्याचा अधिकार संपला. ज्या सूत्राने साठ वर्षे काढली ते मुदत संपून थांबले. पण कायद्याची मुदत संपते, ऋणाची संपत नाही.

शरणबंधूंनो, आपल्या प्रत्येक गावात बंद गिरणीची एखादी चिमणी उभी आहे. तिच्या सावलीत राहणारा एखादा अप्पा आपल्या गोष्ठीत मागच्या रांगेत बसत असेल. त्याला प्रश्न विचारायला उठावे लागू नये. त्याच्या मुलाला काम लावण्याची, त्याचे अडलेले कागद पुरे करून देण्याची, त्याला पुढच्या रांगेत बसवण्याची जबाबदारी आपली आहे. आणि त्याने पुन्हा विचारलेच, तर स्वच्छ सांगावे : अप्पा, कायक तुम्ही सोडले नाही. तुम्ही घेतले ते तुमचे होते. मान वर करा. खाली घालायची असेल तर ती आम्ही घालू.

शरणु शरणार्थी.